स्टोकर नानांबरोबर दीवला

२०२३ साली ४ डिसेंबरचा नौदल दिन मालवणात झाला, तेव्हा तारकर्लीच्या वाळूत नानांना खुर्ची मिळवून देता देता माझा जीव गेला होता. समोर युद्धनौका, डोक्यावरून हेलिकॉप्टरं, भोवती अख्खा जिल्हा लोटलेला. नाना मात्र सगळा वेळ जहाजांच्या धुराड्यांकडे बघत होते. घरी येताना म्हणाले, "धूर बरो होतो. आता माका एकदा दिवाक जावचा आसा."

"कित्याक?"

"थंय माझो गाववालो आसा."

नाना म्हणजे माझे धाकटे काका. १९६३ साली सतराव्या वर्षी नौदलात गेले. विशाखापट्टणमला पहिलं शिक्षण, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनाचं, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं जहाजाच्या पोटात. ते स्टोकर होते, म्हणजे बॉयलर रूममधले. १९७१च्या युद्धात ते पश्चिम ताफ्याच्या ध्वजनौकेवर, आयएनएस म्हैसूरवर होते. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल काकीने देव्हाऱ्याच्या खणात, कापराच्या डबीशेजारी ठेवलं आहे. घरात युद्धाची गोष्ट निघाली की नाना उठून नारळ सोलायला जात.

वर्ष उलटलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, माझी रजा मंजूर झाली आणि ५ डिसेंबर २०२४ला आम्ही निघालो.

दिवस पहिला, ५ डिसेंबर

लिहिण्यासारखं फार नाही. काकीने खटखटे लाडू, आगळाची बाटली आणि गोळ्यांचे तीन डबे दिले. सकाळचा, दुपारचा, रात्रीचा. मला बाजूला घेऊन सांगितलं, "तेंका दर्यात उतराक दिव नको." कुडाळहून कोकणकन्या पकडली. नानांना खालचा बर्थ, मला वरचा. गाडी हलल्यावर मी सहज म्हटलं, "नानानू, पूर्वी तुमी बोटीन जायचास ना मुंबयेक?"

"बोट म्हणजे पाणबुडी. बाकी सगळा जहाज," नाना म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःच हसले, कारण कोकणातल्या माणसाच्या तोंडून 'बोट' काही जात नाही. पुढे सहाही दिवस ते आगबोटीला बोटच म्हणत होते.

दिवस दुसरा, ६ डिसेंबर

तारीख ठरवताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हा महापरिनिर्वाण दिन. पहाटे सीएसएमटीला उतरलो तर स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, गाठोडी घेऊन चैत्यभूमीकडे निघालेली खेड्यापाड्यांतली माणसं. नानांनी एका म्हातारीला तिची पिशवी जिन्यावरून वर नेऊन दिली आणि मग अर्धा तास गुडघा चोळत बसले.

सामान लॉकर रूममध्ये टाकून आम्ही लायन गेटकडे गेलो. नौदलाच्या गोदीचा हा दरवाजा. आत आम्हाला जायचं नव्हतंच, सोडलंही नसतं. नाना समोरच्या फुटपाथवर उभे राहिले आणि बोलायला लागले. खलाशाला किनाऱ्यावर जायची सुट्टी म्हणजे लिबर्टी. ती मिळाली की इथून गणवेशात बाहेर पडायचं आणि सरळ लालबागला गावकऱ्यांच्या खोलीवर जायचं. तिथे प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक भिंतीला लावलेली. ट्रंकेतून साधे कपडे काढायचे, माणूस व्हायचं, खानावळीत बांगडा खायचा आणि बाराच्या आत परत.

गेटच्या जवळच रस्त्यात विक्रांतचं स्मारक आहे. भंगारात निघालेल्या विमानवाहू नौकेच्या धातूपासून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी केलेलं. मुंबईत विक्रांत १९९७ला सेवेतून निघाली, बरीच वर्षं तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ला दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलीत गेला. आमच्या भावकीतल्या एकाने ती गाडी घेतली तेव्हा नानांनी टाकीवर हात ठेवून विचारलं होतं, "ह्येचो बॉयलर तरी बरो आसा मा?"

त्यावेळी मला तो विनोद वाटला होता. अर्थ इथे कळला. १९७१ साली विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. तो बंद ठेवून, बाकीच्यांना पोलादी पट्टे आवळून, तिला बंगालच्या उपसागरात लढाईवर धाडलं. वेग सोळा नॉटच्या, म्हणजे ताशी सोळा सागरी मैलांच्या आसपास. विमानं उडवायला वारा कमी पडायचा. "लोकांका विमानां दिसली," नाना म्हणाले. "आमका ते पट्टे दिसतत. तेच्या बाजूक उभो ऱ्हवणारो स्टोकर दिसता."

मग लालबाग. गावकऱ्यांची खोली ज्या चाळीत होती तिथे आता टॉवर आहे, खाली तीन मजले पार्किंग. रखवालदाराने आत सोडलं नाही, हे ठीकच. नाना रस्त्याच्या पलीकडून बोटाने मजले मोजत होते. "दुसऱ्या माळ्यार, कोपऱ्यात. जिन्याच्या तोंडाक तेची ट्रंक, तेच्यार माझी."

तो म्हणजे गाववाला, आमच्या वरच्या वाडीतला. नानांपेक्षा वर्षाने मोठा, लोणावळ्याला त्यांच्याच तुकडीत. तोही स्टोकर. त्याची नेमणूक आयएनएस खुकरीवर होती, १९७१च्या युद्धात दीवजवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजावर. एवढं मला माहीत होतं, घरात सगळ्यांनाच माहीत होतं. नाना रस्त्यावर उभे राहून पुढे बोलले ते मात्र नवीन होतं. युद्धानंतरच्या जानेवारीत सुट्टी मिळाल्यावर ते या खोलीवर आले आणि दोन ट्रंका घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेले. एक स्वतःची, एक त्याची.

"ट्रंकेत काय होता?"

"कपडे. ब्रिलक्रीम. आणि नवो कोरो स्टो. आवशीक घेतललो."

एवढं बोलून ते वडापावच्या गाडीकडे वळले. त्या दिवशी याहून जास्त काही निघालं नाही.

दिवस तिसरा, ७ डिसेंबर

वांद्रे टर्मिनसहून वेरावळची गाडी. बसून बसून अंग आंबलं, पण नानांचा मूड चांगला होता. सुरत गेल्यावर त्यांनी लाडवाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवून मला बॉयलर रूम शिकवली. ती जशी कळली तशी लिहितो, कारण नानांचं युद्ध त्याच खोलीत झालं.

म्हैसूर मुळात ब्रिटिशांची नायजेरिया नावाची क्रूझर. १९५७ला ती आपल्या नौदलात आली. सहा इंची नऊ तोफा. ती चालायची वाफेवर, आणि वाफ करायला दाट काळं फर्नेस तेल जाळायचं. तेल नीट जळावं म्हणून बॉयलर रूममध्ये पंख्याने हवा दाबून भरलेली असे. त्यामुळे आत जायला एकामागे एक दोन दारं. पहिलं बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, उघडलं तर हवा निसटून भट्टीची ज्वाळा बाहेर यायची. कान दडे बसल्यासारखे. उकाडा इतका की मिठाच्या गोळ्या खाऊन चार तास काढायचे. स्टोकरच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी: काचेच्या नळीतली पाण्याची पातळी आणि वाफेच्या दाबाचा काटा. पाणी खाली गेलं तर बॉयलर जळणार, वर गेलं तर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडणार. तेल फवारणारे स्प्रेअर काजळीने तुंबायचे, ते काढून घासून परत लावायचे. एक तुंबला की दुसरा.

आणि धूर. हवा कमी तर काळा, हवा जास्त तर पांढरा. युद्धात दोन्ही वाईट, कारण धुरावरून जहाज मैलोन् मैल लांबून ओळखू येतं. "धूर काळो झालो काय वरसून शिवी, पांढरो झालो काय दुसरी शिवी. मधलो जो नाय-दिसणारो धूर, तो आमचो."

मी विचारलं, युद्ध सुरू झालं ते तुम्हाला कसं कळलं?

"घंटी. टेलिग्राफची घंटी. पुलावरसून वेग मागतत, आमी वाफ देतो. जास्त मागूक लागले, बराच वेळ मागूक लागले, म्हणजे लढाई." पूल म्हणजे जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्यांची वरची जागा. तिथून वेगाचा हुकूम या घंटीवर येई.

४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. ८च्या रात्री विनाशने केमारीचे तेलाचे साठे पेटवले. देशभर पेढे वाटले गेले. नाना वॉच, म्हणजे आपली चार तासांची पाळी, संपवून वर आले तेव्हा कोणीतरी त्यांना ही बातमी सांगितली. त्यांच्या हिश्शाला आलेलं १९७१ साधारण असं आहे, वर आल्यावर ऐकलेलं.

दिवस चौथा, ८ डिसेंबर

वेरावळला उतरल्या उतरल्या सुक्या मासळीचा वास आला आणि नाना खुलले. बंदराजवळ किनाऱ्यालाच लाकडी होड्या बांधतात. दोन मजली घराएवढे सांगाडे, खाली सुतार. आम्ही तासभर तिथे रेंगाळलो. नानांनी एका सुताराशी खिळ्यांवरून हिंदीत वाद घातला. सोमनाथाचं दर्शनही घेतलं, पण मन होड्यांतच होतं, हे देवाने समजून घेतलं असेल.

दीव तिथून सुमारे नव्वद किलोमीटर. कोडीनार, उना, मग घोघल्याचा पूल. गाडीवाला होता दीव बेटाच्या पश्चिम टोकाचा, वणाकबाऱ्याचा. चाळिशीचा असेल. आरशाला रंगीत मण्यांची एक सुंदर माळ लटकत होती. मी कौतुक केलं तर म्हणाला, "कराची में बनाया."

आमच्या दोघांच्याही माना एकदम वर.

तो आधी ट्रॉलरवर खलाशी होता. समुद्रात सीमारेषा आखलेली नाही, मासळी त्या बाजूला जास्त, आणि एका पहाटे पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने होडीसकट सगळ्यांना उचललं. दीडेक वर्ष कराचीच्या मलीर तुरुंगात. तिथे आपले मच्छीमार मणी ओवून पेनं, पर्स, माळा करतात, त्यातून विडीकाडीचे पैसे सुटतात. सुटका झाल्यावर वाघा सीमेवरून चालत आला. समुद्रातून नेलेला माणूस जमिनीवरून परत. बायकोने शपथ घालून होडी सोडायला लावली. गीर सोमनाथ आणि दीवच्या किनाऱ्यावर अशी माणसं गावोगाव आहेत. मराठी वर्तमानपत्रांत ती दोन ओळींत येतात: 'इतक्या मच्छीमारांची सुटका'.

नाना पुढच्या सीटवर होते. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "कराची कैसा है?"

"जेल से क्या दिखेगा, काका? दीवार."

"हां," नाना म्हणाले. "हमको भी नहीं दिखा." मग दोघंही हसत सुटले. पुढचे वीस किलोमीटर ती दोघं एकमेकांची सख्खी माणसं झाली होती. मासे, डिझेलचा भाव, म्हातारपणीचे गुडघे. उन्याला गाडीवाल्याने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

एक गोष्ट मी नानांना सांगू की नको या विचारात होतो, ती त्यालाही माहीत होती. खुकरी बुडवणारी पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे. नाना म्हणाले, "माहीत आसा. ती वैरी होती, पण आपला काम चोख केल्यान." मला वाटलं होतं ते चिडतील.

दीवमध्ये शिरताच पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे दारूची दुकानं. गुजरातेत बंदी, त्यामुळे शनिवार-रविवारी अख्खं सौराष्ट्र इथे. आम्ही पोचलो तो रविवारच होता. हॉटेल मिळालं, पण शेजारच्या खोलीत राजकोटची मंडळी पहाटेपर्यंत गात होती.

संध्याकाळी किल्ला. पोर्तुगीजांनी १५३५च्या सुमारास बांधायला घेतलेला, तिन्ही बाजूंना पाणी, समोर खाडीच्या तोंडात पाणकोठा. १५०९च्या मोठ्या आरमारी लढाईपासून हा समुद्र रक्त पीत आलाय. मला इतिहासात रस, नानांना एकाच गोष्टीत: १९६१च्या डिसेंबरात दीव मुक्त करताना आयएनएस दिल्लीने या किल्ल्यावर समुद्रातून तोफा डागल्या होत्या. पोर्तुगीजांची वेगा ही छोटी गस्ती नौका आपल्या विमानांनी बुडवली, आणि १९ डिसेंबरला दीव आपल्याकडे आलं. नाना तटावर हात ठेवून म्हणाले, "दिल्लीवरचे स्टोकर माका लोणावळ्याक शिकवूक होते. ते म्हणायचे, किल्लो बघूक मिळालो नाय. नुसते हादरे." म्हणजे तटाच्या त्या बाजूला पोर्तुगीज शिपाई, या बाजूला आपले खलाशी, आणि दोघांच्या खाली ही माणसं.

दिवस पाचवा, ९ डिसेंबर

याच तारखेसाठी आलो होतो. सकाळी नाना दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सात वाजता तयार. मी म्हटलं, मेडलं आणायला हवी होती. म्हणाले, "तेका तरी खय मिळाली घालूक?"

खुकरीचं स्मारक चक्रतीर्थ किनाऱ्याजवळ एका टेकाडावर आहे. काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती, तोंड समुद्राकडे. जहाज बुडाल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९९९ साली, ते उभं राहिलं. आम्ही गेलो तेव्हा दोन-तीन कुटुंबं सेल्फी काढत होती आणि एक मुलगा वडिलांना विचारत होता, हे टायटॅनिक का?

वडिलांनी सांगितलं ते अर्धंमुर्धं होतं, म्हणून इथे नीट सांगतो. खुकरी आणि किरपाण ही चौदाव्या फ्रिगेट स्क्वाड्रनची पाणबुडीविरोधी जहाजं. ब्रिटिश बनावटीची, लहान, जहाज ढकलणारा पाण्यातला पंखा एकच. दीवच्या नैर्ऋत्येला पाणबुडी असल्याचा सुगावा लागला आणि ८ डिसेंबरला या दोघांना मुंबईहून तिच्या शोधात धाडलं. अडचण अशी की त्यांच्या सोनारचा, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेचा, पल्ला तोकडा होता आणि समोर फ्रेंच बनावटीची नवी दाफ्ने वर्गाची हंगोर, जिचे कान कितीतरी तीक्ष्ण. ती यांना ऐकत होती, यांना ती ऐकू येत नव्हती. खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या एका उपकरणाची चाचणी चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. ९ तारखेच्या रात्री पावणेनऊच्या पुढे हंगोरने पहिला पाणतीर (टॉर्पेडो) किरपाणवर सोडला. तो न फुटता खालून गेला. दुसरा खुकरीला बरोबर लागला. दोन-तीन मिनिटांत जहाज पाण्याखाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, ६७ वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याचा हा जगातला पहिला प्रसंग.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. मरणोत्तर महावीर चक्र. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

वेग कमी ठेवला ते चूक की बरोबर, यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. मला खुर्चीत बसून निकाल द्यायला आवडत नाही, पण तिथे उभं राहून एवढं वाटलं की तोकड्या कानांची जहाजं पाणबुडीच्या मागे पाठवावी लागली, इथेच अर्धी गोष्ट ठरली होती. नानांना विचारलं. ते म्हणाले, "वेग किती, ता वर ठरता. खाली आमी काटो बघतो." मग जरा वेळाने, "पण मुल्लासाहेब उतरले नाय. म्हणान खालचे लोक तेंका मानतत."

नानांनी सॅल्यूट केला नाही. डोक्यावर टोपी नसताना नौदलात सॅल्यूट करत नाहीत. नुसते सावधान उभे राहिले, हात पँटच्या शिवणीला. दोन मिनिटं असतील. सेल्फीवाले कुटुंब आपोआप बाजूला झालं. मग नाना काचेजवळ गेले, वाकले, आणि बोटाने प्रतिकृतीच्या धुराड्याखालचा भाग दाखवला. "हय. हय बॉयलर."

दुपारी आम्ही दुसरी खुकरी पाहिली. माझगाव डॉकने बांधलेली, १९८९ साली सेवेत आलेली, तेच नाव घेतलेली क्षेपणास्त्र नौका. २०२१च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि दीवला दिली गेली. आम्ही बाहेरूनच बघितली, जिने चढणं नानांच्याने झालं नसतं. मी माहिती पुरवली की ही डिझेल इंजिनांवर चालायची.

"म्हणजे बॉयलरच नाय?"

"नाय."

"मगे हेच्यात स्टोकर काय करतलो?" नाना खरंच काळजीत पडले होते.

रात्री साडेआठला आम्ही सनसेट पॉइंटजवळ कठड्यावर जाऊन बसलो. रविवारची गर्दी पांगली होती. खडकांवर लाटा, लांबवर मासेमारीच्या होड्यांचे दिवे. जागा इथून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, त्यामुळे दिसण्यासारखं काहीच नाही. नाना मनातल्या मनात हिशेब करत होते. "पंधरा नॉटन गेला तर तीन तास लागाचे नाय." घड्याळात पावणेनऊ वाजले. त्या काळी या वेळेला आकाशवाणीच्या बातम्या असत, जहाजावर सगळे कान लावून असायचे.

"वर असलेले बातमी आयकत होते," नाना म्हणाले. "आठ ते बाराची वॉच ज्येंची होती ते खाली."

"तो खय होतो?"

"माका काय ठावक? वॉच खयची होती ता कोण सांगतलो."

पुढचं त्यांनी समुद्राकडे बघत, न थांबता सांगितलं. ट्रंक घेऊन ते वरच्या वाडीत गेले. तार आधीच पोचली होती. घरात माणसं बसलेली. म्हातारीने ट्रंक उघडलीही नाही. तिला लढाई, पाणबुडी, पाकिस्तान यातलं काही विचारायचं नव्हतं. मुलाने सुट्टीत तिला सांगितलं होतं की मी जहाजाच्या तळाला, आगीपाशी काम करतो. "म्हातारेन एकच इचारल्यान. माझो झील वर होतो काय खाली?"

"तुमी काय सांगितलास?"

"वर होतो. हवेत होतो, डेकार. काय कळाच्या आधी झाला." नानांनी चष्मा पुसला. "पाणतीर लागता तेव्हा खाली काय जाता ता मी जाणतो. ती दोन दारा. एक बंद केल्याशिवाय दुसरा उघडणा नाय. ता मी तिका सांगू?"

मी काही बोललो नाही.

"तिना मान हलयल्यान. मगे ट्रंक उघडली. स्टो बघितल्यान. माका म्हणाली, हो पेटवचो कसो, दाखव."

तो स्टो म्हातारी पुढे वीसेक वर्षं वापरत होती. रॉकेल भेसळीचं, बर्नर सारखा तुंबायचा. नाना सुट्टीवर आले की निरोप यायचा, आणि ते पिन घेऊन वरच्या वाडीत जायचे. बर्नर काढायचा, काजळी घासायची, पिन मारायची, पंप द्यायचा, निळी ज्योत आली की उठायचं. ती समोर बसून चहा करायची. "दर वर्सा तिच्या म्होरे बसान तोच खोटेपणा. ती परत कधी इचारूक नाय. पण माझ्या हाताकडे बघी."

भरती चढत होती. कठड्यावर पाणी उडायला लागलं तसे उठलो. काकीची सूचना मला आठवली, पण नाना स्वतःच दोन पावलं मागे सरले.

दिवस सहावा, १० डिसेंबर

पहाटे जाग आली तेव्हा नाना खिडकीत उभे. "ह्याच वेळेक कच्छलान माणसां उचलली आसतली," म्हणाले. आयएनएस कच्छल दुसऱ्या दिवशी तिथे पोचली आणि रात्रभर तरंगलेली माणसं तिने पाण्यातून काढली. थंडीत, फर्नेस तेलाने माखलेली. "ता तेल कातडेक चिकाटला काय आठवडोभर जाणा नाय."

निघायच्या आधी फुदमच्या गंगेश्वराला गेलो. खडकातल्या गुहेत पाच शिवलिंगं, भरतीची लाट येऊन त्यांच्यावरून जाते. नानांनी लाट मागे सरेपर्यंत थांबून फुलं ठेवली. पुढच्या लाटेने ती नेली. पुजारी म्हणाला, सगळ्यांचीच जातात.

गाडीवाला तोच बोलावला होता. त्याने नानांना मण्यांचं एक पेन दिलं, नानांनी त्याला उरलेले खटखटे लाडू. वेरावळ स्टेशनवर काकीचा फोन आला.

"काय बघितलास थंय?"

"दर्या," नाना म्हणाले.

"तो हय नाय व्हतो? गोळयो घेतल्यात?"

"घेतलंय."

"बरा. येताना मुंबयेसून गॅसच्या शेगडीचो बर्नर घेवन येवा. डावो बर्नर पेटणा नाय."

"नवो कित्याक?" नाना म्हणाले. "इलंय काय साफ करतंय."